तानुमावशीच्या स्वयंपाकघरावरचा पहारा

जयसिंगकाका ओव्हाळांची सगळी नोकरी माणसांच्या पिशव्या तपासण्यात गेली. महाळुंग्याला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीच्या गेटवर ते सिक्युरिटीत होते. शिफ्ट सुटली की कामगार रांगेनं बाहेर पडायचे आणि काका एकेकाचा डबा उघडायला लावायचे. एकदा एकाच्या डब्यात भाताखाली कंपनीतल्या मशीनचे पितळी बुश, म्हणजे लहान सुटे भाग, सापडले होते. तेव्हापासून त्यांचा वरवर दिसणाऱ्या भातावरचा विश्वास जो उडाला, तो उडालाच. रिटायर झाले तेव्हा कंपनीनं शाल दिली, नारळ दिला. काकांनी नारळ कानाशी धरून हलवला, पाणी आहे का ते बघितलं आणि मगच फोटोला उभे राहिले.

दापोडीत आमची आणि त्यांची भिंत एकच. गल्ली अरुंद, पलीकडं रेल्वेची लाईन. गेट सुटल्यावर काकांनी ही गल्लीच गेट केली. दूधवाल्याला कॅन तिरपा करून दाखवावा लागे. कुरिअर घेऊन येणाऱ्या पोरांना ते आधी त्यांचंच नाव-गाव विचारत. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, पण सरळ नजरेनं बघायचं ते विसरून गेले होते.

त्यांची बायको तानुबाई, म्हणजे आमची तानुमावशी, एकदम उलट. कुणीही यावं, बसावं, खाऊन जावं. तिच्या हाताची चव सगळ्या गल्लीला ठाऊक. विहारात भोजनदान असलं की वांग्या-बटाट्याची भाजी मावशीच करणार हे ठरलेलं. आमची आई, कुसुमताई, त्या भाजीवर मनातून थोडी जळायची, हेही मी सांगून टाकते, कारण पुढं तिच्यावरही आळ आला.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ओव्हाळांच्या घरात एकाच महिन्यात दोन लग्नं झाली. मुलगी सोनू नाशिकला सासरी गेली आणि मुलगा बुद्धरत्न याची बायको मिनल घरात आली. मिनल चाकणला एका कंपनीत अकाउंट्स बघते. तिचे वडील उद्धवराव मूळचे लातूरकडचे, पण टेम्पो चालवत चालवत महाळुंग्यालाच स्थायिक झालेले. मिनल बोलायला मोकळी, आमची लगेच मैत्री झाली. पण ती आल्यापासून त्या घरातलं सणासुदीचं एकही जेवण धड पार पडेना.

पहिलं दसऱ्याला झालं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं जेवण म्हणून व्याह्यांना बोलावलं होतं. उद्धवराव येताना ओळखीच्या गोठ्यातलं म्हशीचं दूध घेऊन आले. बाकी सगळे विहारात वंदनेला गेले आणि मावशीनं एकटीनं खीर केली. दिसायला सुरेख, वर चारोळ्या. पहिला घास घेतला तो बुद्धरत्ननं, आणि तो वाटीकडं बघतच राहिला. खीर तळाला लागली होती. पार करपलेला वास, घशात उतरेना असा. उद्धवरावांनी मात्र काही न बोलता वाटी संपवली आणि भिडस्तपणे म्हणाले, "अजून थोडी वाढा की."

काकांनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. जो माणूस ही खीर मागून घेतो, त्याला काहीतरी लपवायचं आहे, असा त्यांचा हिशेब.

"पाव्हणं, दूध कुणाकडचं म्हणालात?"

"ओळखीचा गोठा हाय की ओ. मी सोता उभं राहून काढून आणलो."

"भेसळीचं दूध लवकर तळाला लागतं, म्हणून इचारलं."

काकांनी दुधाचा रिकामा कॅन मागवला, मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं, बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. उद्धवराव मान खाली घालून लिंबाचं लोणचं चोखत बसले. मिनलचा चेहरा लाल झाला होता. मावशी आत पातेल्यापाशी उभी होती, ती काही बाहेर आली नाही.

दुसरं झालं एकतीस डिसेंबरला. वर्ष संपतंय म्हणून कांद्याची भजी आणि मटकीची उसळ असा बेत. मिनलला ऑफिसात महिनाअखेरच्या हिशेबाचं, क्लोजिंगचं काम होतं, ती उशिरा येणार होती. आई मावशीला कांदा चिरून द्यायला गेली, दिला आणि परत आली. भजी तळायला घेतल्यावर कढईत फेस आला. मावशीला वाटलं तेल नवीन आहे, म्हणून येत असेल. बुद्धरत्ननं गप्पांच्या नादात दोन भजी खाल्ली आणि म्हणाला, "आई, आज लिंबू पिळलंस का गं?" मग तो मोरीकडं पळाला. सोड्याऐवजी पिठात धुण्याची पावडर पडली होती. दोन्ही सारख्याच बरण्यांत.

या वेळी काकांचा मोर्चा आमच्या घराकडं वळला. दारात उभं राहून त्यांनी आईला विचारलं, "कुसुमताई, तुमी दुपारी बरण्यांना हात लावला व्हता का?"

आई म्हणाली, "मी कांद्याला हात लावला होता, भाऊजी. डोळ्यांत पाणी होतं. बरणी दिसली पण नाही."

"डोळ्यांत पाणी कशानं आलं?"

"कांद्यानं."

काका मान हलवत गेले. आई पुढचे आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण काकांचा खरा संशय मिनलवर होता. बुद्धरत्न तिकडं चिखलीला फ्लॅट बघतोय, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी गणित मांडलं. सासूच्या हाताची चव बिघडली असं चारचौघांत दिसलं की स्वयंपाक वेगळा होईल, स्वयंपाक वेगळा झाला की घर वेगळं होईल. हे त्यांनी बुद्धरत्नला बोलून दाखवलं, तेव्हा तो वैतागला.

"पप्पा, भजी केली तेव्हा मिनल घरातच नव्हती."

"गेटवर लय बघितलंय मी. माल बाहेर जातो त्या दिवशी चोर सुट्टीवर असतो."

त्यानंतर काका डोळ्यांत तेल घालून बघायला लागले, आणि त्यांना दिसायलाही लागलं. मावशी तळहातावर काहीतरी घेऊन मिनलच्या नाकाजवळ धरायची. मिनल मान हलवायची, कधी हो, कधी नाही. काका आले की दोघी भांडी आवरल्यासारखं करायच्या. एकदा मिनलनं फोडणीच्या डाळीवर वाकून वास घेतला, सासूकडं बघून तोंड वाकडं केलं आणि सगळी डाळ मोरीत ओतली. काकांनी ते दाराच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सून चांगली डाळ फेकते आणि सासू बघत उभी राहते, हे काय गौडबंगाल आहे ते त्यांना समजेना. बायको दबून आहे, एवढं मात्र त्यांनी पक्कं ठरवलं.

चौदा एप्रिलला त्यांनी बंदोबस्तच लावला. जयंतीचं जेवण, मटणाचा बेत, पाहुणे म्हणून उद्धवराव, आणि शेजारचे आम्ही. सकाळपासून काका स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. अंगात निळा शर्ट, हातात पाण्याची बाटली. आत फक्त मावशी. मिनल दोनदा आली.

"बाबा, आईंना जरा मदत करते."

"आज तू आराम कर."

"नुसती चव बघते."

"चव समद्यांच्या बरोबर बघायची."

मिनलनं आत सासूकडं बघितलं. मावशीनं मान खाली घातली आणि कांद्या-मसाल्याच्या धुरात खोबरं भाजत राहिली. तेवढ्यात आमची आई कोथिंबीर घेऊन आली. काकांनी तिची पिशवी मागितली, उघडली, कोथिंबिरीची जुडी झटकली आणि परत दिली. आई रागानं घरी आली ती म्हणाली, "जेवायला मी जाणार नाही." पण गेली. मटण होतं.

मिरवणूक निघायच्या आधी पंगत बसली. रस्सा लालभडक, वर तेलाचा तवंग, बघूनच तोंडाला पाणी सुटावं असा. पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला असेल, कारण सगळे एकदमच थांबले. खोबरं खवट होतं. अख्खा रस्सा डोक्याला लावायच्या जुन्या तेलासारखा लागत होता. आईनं भाकरी कोरडी खायला सुरुवात केली. उद्धवरावांनी भिडेपोटी रस्सा संपवला, पण या वेळी अजून मागितला नाही.

काका ताटावरून उठले. "आत मी कुणाला सोडलं न्हाई. म्हंजे खोबरं आधीच बदललंय. हे खोबरं आणलं कुणी?"

खोबरं गेल्या महिन्यात उद्धवरावांनी आणलं होतं, गावाकडून येताना. चांगलं होतं तेव्हा, पण मावशीनं ते ओलसर डब्यात ठेवलं होतं. हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. सगळे उद्धवरावांकडं बघायला लागले. त्यांनी हात धुतला, रुमालाला पुसला.

"दूध आणलो, भेसळ म्हणलाव. खोबरं आणलो, तर आता हे. पाव्हणं, लेकीच्या घरी मी इख घेऊन येईन का ओ?"

काकांना हो म्हणायचं नव्हतं, पण नाहीही म्हणवेना. उद्धवराव टेम्पो काढून निघून गेले. आठवडाभरानं मिनलनं बॅग भरली आणि महाळुंग्याला माहेरी गेली. कंपनीत जायला तिथून जवळ पडतं, असं तिनं बुद्धरत्नला सांगितलं. बुद्धरत्न बापाशी बोलेनासा झाला. रोज कामावरून परस्पर महाळुंग्याला जायचा आणि झोपण्यापुरता घरी यायचा.

त्या दिवसांत मावशी भिंतीपलीकडून काही मागायची नाही, हाक मारायची नाही. मी एकदा सहज गेले तर ती ओट्यापाशी उभी राहून दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचत होती. डोळ्यांजवळ धरून, परत परत. मला विचारलं, "बाळा, हे आजचंच हाय ना?" मी हो म्हटलं आणि आले. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. एवढी मी हुशार.

बुद्ध पौर्णिमेला सून घरात नव्हती. काकांच्या हिशेबानं आता जेवण सुरळीत व्हायला हवं होतं, आणि झालं की मिनलवरचा आरोप सिद्ध होणार होता. पण माणूस संशयी असला की स्वतःच्या हिशेबावरही त्याचा भरवसा नसतो. सकाळी पांढरे कपडे घालून ते विहारात निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळून मागच्या बोळानं परत आले. बोळात त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. तिथं पाण्याच्या पिंपाआड ते उभे राहिले. काय बघायचं होतं ते त्यांनाही नीट माहीत नसावं.

आत मावशीनं खिरीचं दूध गॅसवर ठेवलं होतं आणि ती पुढच्या खोलीत फुलं लावत होती. दूध उतू गेलं आणि बर्नर विझला. ज्योत गेली तरी गॅस सुरूच होता. काकांना बोळात तो उग्र वास आला. त्यांना आधी वाटलं शेजारच्या कुणाचा असेल. शेजारचे म्हणजे आम्ही. तेवढ्यात मावशी आत आली, पातेल्याखाली वाकून बघितलं, ज्योत नाही म्हटल्यावर तिनं लायटर उचलला.

"तानू, लायटर टाक."

भिंतीपलीकडं मीही ते ऐकलं. काकांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मावशी दचकली, खिडकीकडं बघायला लागली. लायटर हातातच.

"तुमी हितं काय करताय?"

"खाली टाक म्हणतो ना. गॅस सुटलाय."

"कुठं?"

काका सांगतात, ते 'कुठं' ऐकून त्यांनी खिडकीचे गज घट्ट धरले. बाहेर बोळात उभं राहवत नव्हतं इतका वास होता, आणि ती त्याच्या मधोमध उभी राहून कुठं म्हणून विचारत होती. मावशीनं लायटर हळूच बाजूला ठेवला. काकांनी तिला शेगडीचं बटण बंद करायला लावलं, सिलिंडर बंद करायला लावला, दारं उघडायला लावली आणि धावत पुढून घरात आले. मी आणि आईही धावलो.

मावशी पायरीवर बसली होती. काका तिच्यासमोर उभे. पांढऱ्या शर्टाला पिंपाचा गंज लागलेला.

"तुला वास आला न्हाई?"

"न्हाई."

"एवढा वास आला न्हाई?"

"कंचाच येत न्हाई," मावशी म्हणाली. "करोनात ताप आलता आपल्या दोघान्ला, तवापास्नं. तुमचा परत आला. माझा आलाच न्हाई."

काकांनी ते ऐकून घेतलं आणि आत जाऊन हिंगाची डबी आणली. उघडून तिच्या नाकाशी धरली. मावशी तशीच बसलेली. मग लसूण ठेचून आणला. मग फिनेलची बाटली. आई म्हणाली, "भाऊजी, बस करा की." तेव्हा ते थांबले. त्यांनी बाटलीचं बूच लावलं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. इतकी वर्षं मावशीनं सोनूच्या नाकावर स्वयंपाक केला होता. "चव बघ गं, मीठ कळंना" म्हणायचं आणि पोरीच्या तोंडाकडं बघायचं. सोनूला बिचारीला वाटायचं आई लाड करते. सोनू सासरी गेली आणि मावशीची वाट बंद झाली. दसऱ्याला खीर करपली तिथं मिनलला शंका आली. दुसऱ्या दिवशीही पातेल्याला करपट वास होता आणि सासू विचारत होती, कसला वास म्हणतेस. मिनलनं खोदून विचारलं. मावशीनं तिला शपथ घातली, कुणाला सांगू नको. तेव्हापासून मिनल वास घेऊन सांगायची. ती घरात नसली, किंवा तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, की घोटाळा व्हायचा. मोरीत ओतलेली डाळ आंबलेली होती.

"मला सांगायला काय झालं व्हतं?" काकांनी विचारलं.

"समद्या गल्लीत माझ्या हाताचं नाव हाय. वास न्हाई म्हणल्यावर चूल काढून घेतली असती. मग मी करायचं काय दिवसभर?"

काकांनी फिनेलची बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "आन मी पोरीवर आळ घेत व्हतो, तिच्या बापाला बोललो, तवा तू गप बसलीस?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. "बसले," ती म्हणाली.

आई मला हाताला धरून घरी घेऊन आली. त्यापुढचं ऐकणं बरं नव्हे, असं तिला वाटलं असावं. तरी ती भिंतीशी बसून होती.

संध्याकाळी नवराबायको पेढ्यांचा बॉक्स घेऊन महाळुंग्याला गेले. तिथलं मला मिनलनं सांगितलं. उद्धवरावांनी दार उघडलं, पण दारातून बाजूला झाले नाहीत. काकांनी बॉक्स पुढं केला. उद्धवरावांनी बॉक्सकडं बघितलं, मग काकांकडं.

"आधी तुमी खावा."

काकांनी एक पेढा खाल्ला.

"त्या पलीकडच्या कोपऱ्यातला."

काकांनी तोही खाल्ला. उद्धवरावांनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग दारातून सरकले. काका आत गेले ते व्याह्यांपाशी न थांबता थेट मिनलसमोर उभे राहिले. "पोरी, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. मावशी तर तिच्या गळ्यातच पडली. ती रडत रडत म्हणत होती की त्यांच्यापेक्षा माझं जास्त चुकलं, मला ठाऊक असून मी तुला एकटं पाडलं.

मिनल स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "आई, तुमचा मला राग आलाय. जाईल तेव्हा जाईल. मी घरी येईन. पण बाबा, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची नको."

ती आली. चिखलीच्या फ्लॅटचं मात्र खरं होतं. बुद्धरत्ननं त्यासाठी कर्जाचा अर्ज केलाच होता. म्हणजे काकांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. तो फ्लॅट त्यांनी घेतला, पण मोठा घेतला, चौघांचा; ताबा मात्र अजून मिळायचाय.

आमच्या घरी काका दुसऱ्या दिवशी आले. बाजारातून येताना होती तशी भाजीची पिशवी त्यांनी आईपुढं ठेवली आणि म्हणाले, "ताई, तपासा." मला वाटलं आई हसेल, राहू द्या म्हणेल. तिनं पिशवी उघडली, मेथी वर काढली, खालचे टोमॅटो दाबून बघितले आणि मग पिशवी परत दिली. "दोन मऊ आहेत," म्हणाली. त्यानंतर दोघं बोलायला लागले.

मावशीला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल असंही नाही आणि येणार नाही असंही नाही, रोज वास घ्यायची सवय ठेवा. घरात गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवलं. विहाराच्या भाजीला आता मावशीच्या शेजारी आमची आई उभी असते, वास घ्यायला. त्याचा तिला किती आनंद झालाय ते ती लपवते.

रोज सकाळी काका चार डब्या घेऊन बसतात. लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल आणि वाळलेला गुलाब. एकेक डबी मावशीच्या नाकाशी धरतात, ती डोळे मिटून श्वास घेते आणि मान हलवते. काहीच नाही. परवा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. काकांनी डबी धरली आणि मावशी जरा थांबून म्हणाली, "लवंग वाटतीया."

काकांनी डबी खाली घेतली. लवंगच होती. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग डबीकडं, मग परत तिच्याकडं.

"डोळे किलकिले केलेवते का?"

"न्हाई वो."

"आवाजावरनं वळखलं असशील. लवंग खुळखुळती."

"मंग परत घ्या की."

काका उठले, दोरीवरचा मिनलचा ओला दुपट्टा ओढला आणि मावशीच्या डोळ्यांवर बांधायला लागले. तिला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती. काका मात्र अजिबात हसत नव्हते. त्यांनी गाठ ओढून पक्की केली, चारही डब्या पाठीमागं नेऊन त्यांची अदलाबदल केली आणि म्हणाले, "आता सांग."